आधी कोणाला कळतं?

पाळी चार दिवस लांबली होती. रात्रीचे दीड वाजलेले, रूममेट गाढ झोपलेली, आणि मी पांघरुणात मोबाइलचा उजेड कमी करून दोन याद्या वाचत होते. पहिली यादी पाळीआधीच्या त्रासाची: छाती जड होणं, ओटीपोटात दुखणं, पोट फुगणं, थकवा, चिडचिड, काहीतरी विशिष्ट खावंसं वाटणं. दुसरी यादी गरोदरपणाच्या सुरुवातीच्या खुणांची: छाती जड होणं, ओटीपोटात दुखणं, पोट फुगणं, थकवा, चिडचिड, काहीतरी विशिष्ट खावंसं वाटणं. दुसऱ्या यादीत मळमळ जास्तीची होती. पण मला भीतीनंच मळमळत होतं, त्यामुळे तिचाही उपयोग नव्हता.

मी इतिहास शिकले आहे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर मिळेनासं झालं की हा प्रश्न आपल्याआधी कोणाकोणाला पडला होता ते शोधायची मला खोड आहे. त्या रात्री सुरू झालेलं वाचन पुढे कित्येक महिने चाललं. त्यातून लक्षात आलं ते असं, की या दोन याद्यांमधला फरक शोधण्यात माणसांनी हजारो वर्षं घालवली आहेत. आणि त्या शोधाइतकाच महत्त्वाचा दुसरा एक प्रश्न कायम त्याच्यासोबत चालत आलाय: बाईच्या पोटात काय आहे, हे आधी कोणाला कळणार?

आधी याद्या सारख्या का, ते सांगते. दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडतं आणि मागे उरलेल्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. ही गाठ प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवते. छाती जड होणं, पोट फुगणं, आतडी सुस्तावणं, झोप येणं यांतलं बरंचसं या हार्मोनचं काम. गाठीचं आयुष्य साधारण दोन आठवड्यांचं. ती विरली की प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि पाळी येते. पण बीज फळलं आणि गर्भाशयात रुजलं, तर तो इवलासा गर्भ एचसीजी नावाचं हार्मोन पाठवून त्या गाठीला सांगतो, थांब, विरू नकोस. हे रुजणं बहुतेक वेळा बीज बाहेर पडल्यावर आठ ते दहा दिवसांनी होतं. तोवर गर्भ असो वा नसो, तीच गाठ तेच हार्मोन बनवत असते. शरीर आपल्याला फसवत नसतं. त्या दिवसांत त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं.

म्हणजे खुणा कितीही बारकाईने मोजल्या तरी त्या आठवड्यात उत्तर मिळणार नव्हतं. उत्तर एकाच गोष्टीत होतं, एचसीजीत. आणि माणसाला त्याचा पत्ता लागायला विसावं शतक उजाडावं लागलं.

त्याआधी लोकांनी काय केलं नाही? बर्लिनमध्ये ठेवलेल्या एका इजिप्शियन पपायरसवर तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची एक चाचणी लिहिलेली आहे. बाईने रोज गहू आणि सातूच्या दाण्यांवर लघवी करायची. दाणे उगवले तर दिवस गेलेत, नाही उगवले तर नाही. कोणता दाणा आधी उगवतो त्यावरून मुलगा की मुलगी तेही ठरवायचं. ऐकायला गंमत वाटते, पण १९६३ मध्ये इजिप्तमधल्याच काही संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला. गरोदर बायकांच्या नमुन्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांत दाणे उगवले. मुलगा-मुलगीचा भाग मात्र साफ चुकला.

आपल्याकडे चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये गर्भ राहिल्याच्या खुणांच्या याद्या आहेत: थकवा, तहान, मांड्या गळून जाणं, तोंडाला पाणी सुटणं, अन्नावरची वासना जाणं, आंबट खावंसं वाटणं. माझ्या मोबाइलवरची यादी यापेक्षा फार वेगळी नव्हती. याच ग्रंथांत पोटातल्या जिवाला स्वतःचं हृदय येतं तेव्हा बाई दोन हृदयांची होते, असा विचार आहे. तिच्या इच्छा म्हणजे त्या दुसऱ्या हृदयाच्या इच्छा. आपला ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातल्या ‘दोहद’ या शब्दावरून आला, आणि ग्रंथांनी त्याची सांगड या दोन हृदयांशी घातली. पण ही अवस्था तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली. पहिल्या महिन्यात दुसरं हृदय कोणालाच ऐकू येत नसे.

आणि कधीकधी पुढच्या महिन्यांतही खुणा दगा देत. इंग्लंडची राणी मेरी ट्युडर हिचं १५५४ च्या जुलैत लग्न झालं. काही महिन्यांतच तिची पाळी थांबली, पोट वाढलं, छातीतून दूध येऊ लागलं. देशातले उत्तम वैद्य दिमतीला होते. १५५५ च्या एप्रिलमध्ये ती बाळंतपणासाठी हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात जाऊन राहिली. पाळणा तयार झाला. परदेशी राजांना पाठवायची पत्रंही लिहून ठेवली, फक्त तारखेची आणि मुलगा की मुलगी याची जागा मोकळी सोडून. एप्रिलच्या शेवटी राजपुत्र झाल्याची अफवा उठली आणि लंडनमध्ये घंटा वाजल्या. मे गेला, जून गेला, जुलै गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला राणी गुपचूप तिथून निघून गेली. मूल नव्हतंच. एका बाईच्या पोटाकडे सगळा युरोप डोळे लावून बसला होता, आणि खरं काय ते तिच्यासकट कोणालाच कळलं नव्हतं.

राणीचं हे. साध्या बायकांसाठी इंग्लंडच्या कायद्यात आणखी एक व्यवस्था होती. फाशीची शिक्षा झालेली बाई ‘मला दिवस गेलेत’ म्हणाली, तर बारा बायकांचं पंचमंडळ तिला आत नेऊन तपासत असे. पोटात हालचाल लागली तर फाशी पुढे ढकलायची, नाहीतर नाही. जिवाशी गाठ होती, आणि निकाल देणाऱ्या बायकांकडे हात आणि अनुभव यांखेरीज काहीच साधन नव्हतं. बाईचा स्वतःचा शब्द पुरेसा धरला जात नव्हता.

आपल्याकडे असं पंचमंडळ बसवावं लागत नसे. ते घरातच असायचं. मराठीत पाळीला किती नावं आहेत बघा: कावळा शिवला, अडचण आली, बाहेरची झाली. यांतली बरीचशी नावं त्या बाईच्या शरीराबद्दल बोलत नाहीत, ती घरात कुठे बसली आहे याबद्दल बोलतात. ज्या घरांत बाई तीन दिवस बाजूला बसायची आणि चौथ्या दिवशी न्हायची, तिथे तिची तारीख सासूला, जावांना, पाणी भरणाऱ्या बाईलाही ठाऊक असे. आणि एखाद्या महिन्यात ती बाजूला बसली नाही, तर तेही सगळ्यांना दिसे. गरोदर राहण्याला आपण ‘दिवस जाणं’ म्हणतो. खुणांवर भरवसा नाही, मोजता येतात ते फक्त गेलेले दिवस, हे भाषेला नेमकं कळलं होतं. पण ते दिवस बाई एकटी मोजत नव्हती.

सवाष्णीच्या बाबतीत हे मोजणं कौतुकाचं असेल. विधवेच्या बाबतीत ते जिवावरचं होतं. एकोणिसाव्या शतकात वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींत विधवेला पुन्हा लग्न नव्हतं. तिला दिवस गेले तर दोषी तीच, मग त्यामागे घरातलाच पुरुष का असेना. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. त्यावर वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं.

त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा इथेच ठेवावं. इथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या तेव्हा त्या त्याच्याच दवाखान्याच्या कामात होत्या.

शाळेत हे वाचलं तेव्हा मी त्याकडे दयेची गोष्ट म्हणून पाहिलं होतं. आता दुसरंच दिसतं. आपल्याला खरंच दिवस गेलेत की पाळी नुसती लांबली आहे, हे त्या बायकांना कधी कळत असेल? पोट हलेपर्यंत खात्री नाही, आणि पोट हलायला लागलं की लपवायला वेळ नाही. फुल्यांनी दिलं ते दार होतं. ते दार ठोठवायचं की नाही, हे ठरवायला लागणारं ज्ञान मात्र तेव्हा जगात कोणाकडेच नव्हतं.

ते ज्ञान आलं बर्लिनमधून. १९२७ मध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड त्सोंडेक या दोन डॉक्टरांनी दाखवलं, की गरोदर बाईच्या लघवीत असं काहीतरी असतं, जे लहान उंदरिणीला टोचलं तर तिची अंडाशयं वेळेआधीच जागी होतात. तेच पुढे एचसीजी म्हणून ओळखलं गेलं. चाचणीला काही उंदरिणी आणि चार-पाच दिवस लागत. शेवटी उंदरिणींना मारून त्यांची अंडाशयं पाहावी लागत. दोघेही डॉक्टर ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. त्याच १९२७ मध्ये इकडे मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं होतं. संततिनियमनाचं केंद्र तर त्यांनी १९२१ मध्येच काढलं होतं. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचक त्यांना असे प्रश्न विचारत, जे घरात तोंडातून काढायची सोय नव्हती.

मग आलं १९३१ साल. माझ्या वहीत या सालाभोवती मी गोल काढून ठेवला आहे. अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन यांनी उंदरिणींऐवजी सशीण वापरून दोन दिवसांत निकाल देणारी चाचणी आणली. इंग्लंडमध्ये कायदा बदलला आणि बायकांचं ते पंचमंडळ इतिहासजमा झालं. आणि न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरने पंधरा बायकांच्या नोंदींवरून एक निबंध लिहिला. पाळीच्या सात ते दहा दिवस आधी या बायकांना असह्य ताण येतो, आणि पाळी सुरू झाली की तो जातो, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याने त्याला ‘पाळीपूर्व ताण’ म्हटलं. काही बायकांच्या अंडाशयांवर त्याने क्ष-किरणांचा उपचारही केला.

म्हणजे माझ्या मोबाइलवरच्या दोन याद्यांपैकी एकीची प्रयोगशाळेतली सोपी परीक्षा आणि दुसरीचं वैद्यकीय नाव एकाच वर्षी जन्माला आलं. पण दोघींचं नशीब सारखं निघालं नाही. गरोदरपणाला एक नेमका रेणू सापडला. पाळीआधीच्या त्रासाला तसा रेणू आजही नाही. तो ओळखायचा एकच मार्ग आहे, दोन-तीन महिने रोज नोंद ठेवायची आणि त्रास पाळीच्या तारखेबरोबर येतो-जातो का ते पाहायचं. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं, तेव्हा त्यामागे डाल्टन यांचा स्वतःचा अनुभव होता. दर महिन्याला पाळीच्या वेळी उठणारी त्यांची अर्धशिशी गरोदरपणात नाहीशी झाली होती. स्वतःच्या दोन अवस्था शेजारी ठेवून पाहिल्या म्हणून त्यांना ते सुचलं.

प्राण्यांची रांग पुढे सरकत राहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या नख्यांच्या बेडकिणीला गरोदर बाईची लघवी टोचली की काही तासांत ती अंडी घालते, हे १९३० च्या दशकात कळलं. बेडकीण मरत नसे, पुन्हा वापरता येई. पण ससा असो की बेडकीण, तिच्यापर्यंत पोचायला डॉक्टर लागायचा. डॉक्टरने चिठ्ठी द्यायची, प्रयोगशाळेने निकाल डॉक्टरला कळवायचा, आणि डॉक्टरला योग्य वाटेल तेव्हा, योग्य वाटेल त्या शब्दांत तो बाईला कळायचा. बऱ्याचदा आधी नवऱ्याला.

इथे माझी मोठी मावशी येते. तिचं लग्न होऊन ती सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी गेली. १९८३ मध्ये तिची पाळी लांबली. सासूबाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रक्त आलं तर काही नाही, नाही आलं तर गोड बातमी. रक्त आलं नाही. माझा मावसभाऊ जन्मला, धडधाकट. काही वर्षांनी मावशीने पेपरात वाचलं, की अशा गोळ्यांवरून मोठं भांडण चालू आहे. “दादा अंगणात खेळत होता,” ती मला म्हणाली. “मी त्याला आत बोलावलं आणि त्याच्या हातापायाची बोटं मोजली. चांगला पाच वर्षांचा घोडा, आणि मी बोटं मोजतेय.”

त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचे मोठे डोस असत. कल्पना अशी, की गोळ्या थांबल्यावर हार्मोन घसरेल आणि गर्भ नसेल तर पाळी येईल. युरोपात अशीच औषधं चाचणी म्हणून खपली. १९६७ मध्ये इसाबेल गाल या डॉक्टरने बाळाच्या पाठीच्या कण्यातल्या व्यंगाशी त्यांचा संबंध असू शकतो, असा इशारा दिला. तरी ब्रिटनमध्ये त्यांतलं प्रिमोडॉस नावाचं औषध १९७८ पर्यंत विकलं गेलं. व्यंगं त्यामुळेच झाली का, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पण २०२० मध्ये ब्रिटनच्या एका अधिकृत चौकशीने स्पष्ट म्हटलं, की हा वापर १९६७ मध्येच थांबायला हवा होता. कारण तोवर लघवी तपासून सांगणारी, बाईच्या पोटात काहीही न घालणारी चाचणी उपलब्ध होती.

भारतात सरकारने १९८२ मध्ये या गोळ्यांवर बंदी घालायचं ठरवलं. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि स्थगिती मिळवली. स्त्री संघटना आणि आरोग्य क्षेत्रातले कार्यकर्ते लढत राहिले, जनसुनावण्या झाल्या, आणि १९८८ मध्ये बंदी आली. मावशीला गोळ्या मिळाल्या त्या या मधल्या वर्षांत. तिला कोणी विचारलं नव्हतं, तिला काही सांगितलंही नव्हतं. तिच्या शरीराला प्रश्न विचारला गेला, आणि उत्तर सासूबाई आणि डॉक्टरांनी ऐकलं.

खरं तर त्याच्या सोळा वर्षं आधीच एका बाईने यावर तोड काढली होती. १९६७ मध्ये न्यू जर्सीतल्या ऑर्गॅनॉन या औषध कंपनीत मार्गारेट क्रेन ही सव्वीस वर्षांची डिझायनर सौंदर्यप्रसाधनांची वेष्टनं करायला लागली होती. एके दिवशी तिने प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांच्या रांगा पाहिल्या, खाली आरसा लावलेल्या. कसल्या आहेत विचारलं, तर कळलं की डॉक्टरांनी पाठवलेल्या गरोदरपणाच्या चाचण्या. नळीच्या तळाशी तांबूस कडं दिसलं की दिवस गेलेत. तिला वाटलं, हे तर कोणालाही घरी करता येईल. पेपर क्लिप ठेवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डबीवरून तिने एक छोटा संच बनवला. कंपनीतल्यांचा विरोध होता. डॉक्टर नाराज होतील, आणि बायकांना एकट्यात असलं काही कळलं तर त्या काय करतील? अखेर पेटंट तिच्या नावावर निघालं, हक्क एका डॉलरला कंपनीने घेतले, आणि तो डॉलरही आपल्याला मिळाला नाही असं ती सांगते. ‘प्रेडिक्टर’ नावाचा तो संच १९७१ मध्ये कॅनडात विकायला आला.

१९७१ हेच वर्ष भारतात गर्भपाताच्या कायद्याचं. त्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहित बाईला आणि तिच्या नवऱ्याला लागू होतं. ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ यायला २०२१ उजाडलं, आणि अविवाहित बाईलाही तोच हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. आठवडे मोजणारा कायदा आहे हा. त्यात चौथ्या दिवशी कळणं आणि चौथ्या महिन्यात कळणं यांत सगळा फरक पडतो.

त्या रात्रीनंतर सकाळी मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानातल्या काकांनी न मागता किट वर्तमानपत्रात गुंडाळलं. सकाळची पहिली लघवी, तीन थेंब, पाच मिनिटं. एक रेघ. किटवरच्या सूचनेप्रमाणे तीन दिवसांनी पुन्हा करायचं ठरवलं होतं, कारण बीज उशिरा बाहेर पडलं असेल तर पहिली चाचणी चुकू शकते. पण तेवढी वेळ आली नाही. दुसऱ्याच दिवशी पाळी आली.

हे सगळं मी या दिवाळीत मावशीला सांगितलं. आम्ही मागच्या पडवीत मेथी निवडत बसलो होतो. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने आधी किंमत विचारली.

“साठेक रुपये,” मी म्हटलं. “आणि आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं किट असतं, ते फुकट.”

“वेळ किती लागतो?”

“पाच मिनिटं.”

“आणि कोणाला सोबत न्यावं लागत नाही?”

“नाही.”

तिने जुडी सोडली, कोवळे शेंडे वेगळे काढले. मग म्हणाली, “बरं झालं बाई. तुला आधी कळलं.”